फडतऱ्यांचं घर कुठल्या शाखेचं?

"चालून दाखव," सुभेदारआप्पा म्हणाले.

मी सोप्याच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालून दाखवलं आणि परत येऊन सतरंजीच्या कडेला, पाय आखडून, मान खाली घालून बसलो. तसं बसायचं मला सकाळीच शिकवलं होतं.

"पाय जरा फेंगडा पडतोय," हवालदारतात्या ओरडले. रागानं नव्हे. उमेदीची सगळी वर्षं तोफेशेजारी काढल्यामुळे समोरचा माणूस पलीकडच्या बांधावर उभा आहे अशीच त्यांची कायमची समजूत होती.

"फेंगडा न्हाई तो, रुबाबदार हाय," सुभेदारआप्पा म्हणाले. "पायदळाला असलाच पाय लागतो."

"तुमाला पायच लागतो! आमच्याकडं डोकं लागतं. काय रं पोरा, सतराचा पाढा येतो का?"

मी सतराचा पाढा म्हणून दाखवला. मधल्या दाराच्या पडद्याआड कुणीतरी पदरात हसू कोंबलं. ती शालनआक्का, माझी थोरली बहीण. याच सतरंजीवर ती तोवर पाच वेळा बसली होती. आज तिची जागा मला मिळाली होती आणि पडद्यामागची माझी जागा तिला. सकाळपासून ती मला धडे देत होती. "नजर वर करायची न्हाई. इचारल्याबिगर बोलायचं न्हाई. आणि पोह्यांचं इचारलं तर म्हण, मीच केल्यात."

आई पोह्यांच्या बशा घेऊन आली. हवालदारतात्यांनी एक घास घेतला आणि माझ्याकडे पाहून मान डोलावली. मी खरंच लाजलो.

आमचं बोरखडी माणदेशातलं. जमीन अशी, की पेरलेलं परत मिळालं तरी लोक देवाला नारळ फोडत. त्यामुळे गावात खरं पीक एकच, फौजेचं. घरटी एक माणूस फौजेत. यात नवल नाही. अशी गावं आमच्या भागात बरीच आहेत. नवल होतं आमच्या गावच्या दोन नियमांचं. पहिला नियम, बापाची शाखा तीच पोराची शाखा. बाप पायदळात असेल तर पोरगा पायदळात, बाप तोफखान्यात असेल तर पोरगाही तिथंच. दुसरा नियम, भावाची शाखा तीच बहिणीच्या नवऱ्याची शाखा. ऐकायला विचित्र वाटतं, पण त्यात हिशेब होता. मेव्हणा-मेव्हणा एका ठिकाणी असले की सुट्टीचं जमवून घेतात, एकमेकांच्या ट्रंका आणतात, आणि मुख्य म्हणजे दाजी डोळ्यांसमोर राहतो. चारशे कोसांवर त्यानं दुसरं काही सुरू केलं तर घरी आधी कळतं.

सगळ्या गावात एकच घर असं होतं, ज्याला शाखाच नव्हती. ते आमचं, फडतऱ्यांचं. माझ्या वडिलांना, आबांना, भरतीवाल्यांनी तीनदा परत पाठवलं होतं. तळवे सपाट. आबांच्या पायाचा ठसा ओल्या मातीत उमटला तर तिथं वीट ठेवून उचलली असं वाटायचं. मग त्यांनी गावात पिठाची गिरणी टाकली. पायदळ असो की तोफखाना, भाकरी सगळ्यांनाच लागते, त्यामुळे गिरणी बरी चालली. पण आक्काला बघायला पाहुणे आले की पोहे संपेपर्यंत ठीक चालायचं आणि बशी खाली ठेवताना कुणीतरी विचारायचं, "घर कुठल्या शाखेचं म्हणालात?" आबा म्हणायचे, "गिरणीचं." पाहुणे पाणी पिऊन उठायचे.

आता मी मॅट्रिक झालो होतो. जिल्ह्याच्या भरतीत उंची, छाती, धावणं, सगळं पार करून आलो होतो. पुढच्या आठवड्यात जाऊन साहेबांसमोर शाखा सांगायची एवढंच उरलं होतं. आणि गावात नेमकी अशी वेळ आली होती की पायदळाची घरं आणि तोफखान्याची घरं बरोबरीत होती. पंधरा ऑगस्टला झेंड्याची दोरी ओढायचा मान जास्त घरं असलेल्या शाखेचा. बरोबरी झाल्यापासून दोरीला सुभेदारआप्पा आणि हवालदारतात्या दोघांनीही हात घातला होता. एक ओढायचा, दुसरा आवरायचा. झेंडा निम्म्यावर जाऊन थांबायचा आणि शाळेची पोरं राष्ट्रगीत पुन्हा पहिल्यापासून म्हणायची.

म्हणून मला बघायला दोन्ही शाखा आल्या होत्या. एकाच दिवशी, कारण दुसऱ्याला आधी गाठू द्यायला दोघांपैकी एकही तयार नव्हता.

"आबा," सुभेदारआप्पा बशी बाजूला सारून म्हणाले, "पोरगा आमाला पसंत हाय. तो पायदळात आला की नियमानं शालनसाठी पायदळातलंच ठिकाण बघायचं. माझा पुतण्या दिनकर हाय. नाईक झालाय."

आबांच्या भुवयांवर कायम पीठ असायचं. त्या पांढऱ्या भुवया वर गेल्या.

"नाईक?" हवालदारतात्या गरजले. शेजारच्या गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. "माझा सख्खा मुलगा पोपट तोफखान्यात हाय! पुतण्या न्हवं, मुलगा! पोरगं आमच्यात घाला, मी आत्ता नारळ ठेवतो."

आबा पहिल्यांदा आप्पांकडे आणि मग तात्यांकडे बघत राहिले. तागडीच्या एका पारड्यात दिनकर आणि दुसऱ्यात पोपट टाकल्यासारखी त्यांची नजर वरखाली होत होती. पाच पाहुण्यांनी नाकारलेल्या पोरीला एका दुपारी दोन स्थळं. माणूस हरखणार नाही तर काय? पडद्याआडचं हसू मात्र थांबलं होतं.

"चार दिवस द्या," आबा म्हणाले. "पोराला इचारतो."

पोराला. पोरीला विचारायचं त्यांच्या मनातही आलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्या घटकेला माझ्याही आलं नाही. मी मनातल्या मनात तोफखाना नक्की करून टाकला होता. तोफेला गाडी ओढते आणि तोफवाला गाडीत बसतो, एवढं मला पुरेसं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीवर गेलो तर आक्का इंजिनाला हँडल मारत होती. आबांच्यानं ते आता होत नसे. गावात तिच्याएवढी उंच बाई नव्हती, पुरुषही थोडेच होते. ज्वारीचं पोतं ती काखेत मांजर धरावं तसं धरून आणायची.

"मग?" मी विचारलं. "दिनकर का पोपट?"

"तू सांग. पायदळ का तोफखाना?"

"तोफखाना. पोपट तसा बरा हाय की."

"बरा हाय. बापावर गेलाय. त्यांच्या घरात कुणी 'मीठ वाढ' म्हटलं की शेजारीण मीठ घिऊन येती."

"मग दिनकर?"

"गेल्या सुट्टीत त्यानं आईकडनं एकच ताट तीनदा घासून घेतलं. इन्स्पेक्शन म्हणं." तिनं हँडल बाजूला ठेवलं आणि कपाळ पुसलं. "सिदा, पायलीभर दळणावर मूठभर वरनं टाकत्यात बघ, तसं त्यांनी मला तुझ्यावर टाकलंय. तू जिकडं सांडशील तिकडं मी."

पट्टा हलत नव्हता, दगड थांबलेला होता, आणि गिरणी बंद असली की ती केवढी शांत असते हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

"मग काय करू? जाऊच नको?"

"जा की. नेव्हीत जा."

ती हे असं म्हणाली जसं कुणी म्हणावं, वाण्याकडं जा आणि काडेपेटी आण.

"नेव्हीत?" मी म्हणालो. "आक्का, मला पोहता येत न्हाई." मी तोवर पाहिलेलं सगळ्यात खोल पाणी म्हणजे इंजिन गार ठेवायचा समोरचा हौद. त्यातही मी लहानपणी एकदा पडलो होतो आणि मला आक्कानंच बाहेर काढलं होतं.

"तुला कशाला पोहायचंय? जहाज पोहतं. तू वर बसायचं."

"पण नेव्हीच का?"

"गावात नेव्हीचं घर हाय का एक तरी?"

"न्हाई."

"मग नेव्हीचा नवरा कुठनं आणतील? नियम मोडला असं कुणी म्हणायचं न्हाई. नियम पाळायलाच माणूस मिळायचा न्हाई. तू जहाजावर, मी गिरणीवर. हं, हो बाजूला."

तिनं हँडल मारलं. इंजिन धडधडलं आणि पुढचं बोलणं पिठात गेलं. मी बराच वेळ हौदाकडे बघत उभा राहिलो. एकीकडे तोफखान्याची गाडी होती आणि दुसरीकडे त्या हौदातून मला ओढून काढलेला हात. कुठल्याही बाजूनं मांडलं तरी बाकी आक्काच्याच नावावर निघत होती.

भरतीच्या दिवशी मला पोचवायला दोन्ही शाखा एसटीत बसल्या. मी मधे, खिडकीला सुभेदारआप्पा, या बाजूला हवालदारतात्या. एक उजव्या कानात म्हणायचा, "पायदळ म्हणजे फौजेचा कणा." दुसरा डाव्या कानात ओरडायचा, "कण्याला पाठीमागनं आधार कुणाचा?" पुढच्या बाकावरच्या बाईनं तिचं तान्हं बाळ उचललं आणि ती ड्रायव्हरजवळ जाऊन बसली.

आत एकट्यालाच सोडत होते. टेबलामागे जाड मिशांचे साहेब होते. त्यांनी माझा कागद पाहिला.

"कहाँ जाओगे?"

"नेव्ही, साहब."

साहेबांनी कागद पुन्हा पाहिला. गावाचं नाव वाचलं. मग मला नखशिखान्त पाहिलं.

"समंदर देखा है?"

"नहीं, साहब."

"तैरना आता है?"

"जहाज तैरता है, साहब."

साहेब खुर्चीत मागं रेलून इतके हसले, की बाहेरचा शिपाई आत डोकावून गेला. मग त्यांनी शिक्का उचलला.

बाहेर दोघं उभे होते. "काय सांगितलंस?" दोघांनी एकदमच विचारलं.

"नेव्ही."

हवालदारतात्या आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलले. "काय?" ते पुटपुटले.

परतीच्या एसटीत मी एकटा मागं बसलो. पुढं आप्पा आणि तात्या एका बाकावर बसले होते, आणि एका पुडीतले शेंगदाणे दोघं मिळून खात होते. एवढी वर्षं एका किटलीतला चहा न पिणारी माणसं ती.

आबांनी ऐकलं आणि डोक्याला हात लावला. भुवयांवरचं पीठ कपाळभर झालं. "घराला शाखा पायजे म्हणून जीव टाकला," ते म्हणाले, "आणि धरली ती अशी, की दोन्ही स्थळं हातातनं गेली. ह्या पोरीचं आता मी काय करू?" दिनकर आणि पोपट दोघांचीही लग्नं त्याच उन्हाळ्यात आपापल्या शाखेत झाली. आक्का दोन्ही लग्नांत पोटभर जेवली.

प्रशिक्षण संपवून मी पहिल्या सुट्टीवर आलो, तेव्हा अंगावर पांढरा शुभ्र गणवेश होता. एसटीतून उतरलो तर पाराजवळच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "बँडवाले आले का? लग्न कुणाचं हाय?" समुद्र मी तोवर पाहिला होता. त्याच्याविषयी मला एवढंच सांगायचंय, की जहाज पोहतं हे खरं, पण ते पोहत असताना आपल्या पोटाला विचारत नाही. महिना-महिना मी जेवण एका बाजूनं जमा करायचो आणि दुसऱ्या बाजूनं खर्ची टाकायचो. एकच समाधान होतं. आक्का सुटली.

घरी पाऊल टाकलं तर सोप्यात सतरंजी घातलेली. वर आप्पा आणि तात्या मांडीला मांडी लावून बसलेले.

"ये, ये!" हवालदारतात्या ओरडले. "बरा येळेवर आलास! आज शालनला बघायला येणारायत. नेव्हीचं घर!"

माझ्या हातातली ट्रंक खाली पडली.

"आमाला काय वाटलं," सुभेदारआप्पा म्हणाले, "पोरगं चुकलं तर चुकलं, पण नियम म्हंजी नियम. भाऊ नेव्हीत, तर दाजी नेव्हीतच पायजे. आमी दोघांनी सगळा मुलूख पालथा घातला. म्हसवडच्या बाजारात इचारलं, यात्रेत इचारलं. आणि खिंडीपलीकडं आंबेरीत सापडलं की एक घर! सगळ्या टापूत एकच. तेबी नेव्हीचीच पोरगी पायजे म्हणून अडून बसलेलं. त्यांच्या गावालाबी आपलाच नियम हाय."

मी आत धावलो. आक्का आरशासमोर केसांत शेवंती माळत होती. "घात झाला," मी म्हणालो. "आता?"

"बघू," ती म्हणाली. "आधी तोंड धू. बँडवाल्यासारखा दिसतोस."

दुपारी पाहुणे आले. मुलगा जालिंदर निकम आणि त्याचा थोरला भाऊ. जालिंदर गोरटेला, गोल चेहऱ्याचा आणि आक्कापेक्षा चांगला वीतभर बुटका होता. आप्पा आणि तात्या मुलीकडचे म्हणून बसले आणि त्यांनी तपासणी सुरू केली.

"जहाजावर काम काय?" आप्पांनी विचारलं.

"स्वयंपाक."

तात्यांना वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "काय? तोफ?"

"स्वयंपाक, तात्या. भटारखाना माझ्याकडं हाय."

"आणि लढाई लागली म्हंजी?"

"लढाईतबी माणसं दोन येळ जेवत्यात," जालिंदर शांतपणे म्हणाला. "उलट जास्तच जेवत्यात."

थोरला भाऊ घाईनं मधे पडला. "आई माझ्याजवळ असती. ह्यो वर्षातनं दहा महिने पाण्यात. पोरीनं कुठं राहायचं ते पोरीनं ठरवावं. आमचं काय म्हणणं न्हाई."

मी आबांकडे पाहिलं. आबांच्या भुवया स्थिर होत्या. पारडं जागेवर येऊन थांबलं होतं. जावई मिळत होता आणि इंजिनाला हँडल मारणारं माणूसही गिरणीवरच राहत होतं.

आक्का चहाचं ताट घेऊन आली. मान ताठ, चाल पोतं उचलल्यासारखी. आप्पांना कपबशी दिली, तात्यांना कपबशी, थोरल्या भावाला कपबशी, आबांना, मला. जालिंदरच्या पुढं मात्र तिनं पितळी पेला ठेवला. आणि जालिंदरनं तो काही न बोलता उचलला, दोन्ही तळव्यांत धरला आणि फुंकर न घालता तोंडाला लावला.

कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं, कारण तो पेला मी ओळखत होतो. तो गिरणीत असायचा. आक्का त्यातून चहा प्यायची आणि दुसऱ्या कुणाला, अगदी मलासुद्धा, त्याला हात लावू द्यायची नाही.

मी उठून तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेलो. आई परसात होती.

"आक्का, त्याला पेला का दिलास?"

"जहाजावर कपबशी टिकत न्हाई. सांडती. त्याला पेल्याचीच सवय हाय."

"हे तुला कुणी सांगितलं?"

ती बशा विसळत राहिली. "आंबेरीची गिरणी बंद पडली हुती. इंजिन फुटलं हुतं. त्याची सुट्टी चालू हुती, तर तोच दळण घिऊन खिंड उतरून यायचा."

"कधी?"

"तू भरतीला पळायची तयारी करत हुतास तवा."

मी खाली पाटावर बसलो. बोटांवर महिने मोजले.

"म्हंजी तू आधी नवरा ठरवलास," मी म्हणालो, "आणि मग मला नेव्हीत घातलंस?"

"मग काय करू? आबांना सांगितलं असतं, तर त्यांच्याकडनं पहिला प्रश्न आला असता, घर कुठल्या शाखेचं? नेव्हीच्या घरात नेव्हीचीच पोरगी जाती. आधी आपलं घर नेव्हीचं व्हायला नको?"

"मला सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर साहेबाफुडं तुझं तोंड पडलं असतं. तुला खोटं बोलता येत न्हाई, सिदा. म्हणून खरंच वाटंल असं सांगितलं." तिनं बशी पुसली आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं, किंवा चुलीचा धूर असेल. "लई तरास होतो का रं, पाण्यावर?"

मला सांगायचं होतं, लई. आठ-आठ दिवस पोटात अन्न ठरत नाही. मी म्हणालो, "आता जरा सवय झालीया."

"आलं टाकून तांदळाची पेज प्यायची. तो म्हणतो, त्यानं थांबतं." तिनं सुपारीचं तबक माझ्या हातात दिलं नाही, स्वतःच उचललं. "चल. बाहेर वाट बघत्यात."

बाहेर बोलणं झालं होतं. आबांनी होकार दिला होता, नारळ पुढं आला होता. सुभेदारआप्पा आणि हवालदारतात्या एकमेकांच्या पाठीवर थाप मारत होते, आपल्या दोघांच्या शोधाशिवाय हे जुळलंच नसतं म्हणून. दोघांचे चेहरे असे, की किल्लाच जिंकून आलेत.

"पोरा," आप्पांनी मला जवळ ओढलं, "मी तुला शिव्या घातल्या हुत्या. आता परत घेतो. तुझ्या एका निर्णयानं बघ, घराला शाखा मिळाली, पोरीला घर मिळालं. पण खरं सांग. ह्या कोरड्या गावात तुला नेव्हीचं सुचलं कसं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आबा बघायला लागले. जालिंदर पेल्याच्या तळाशी काहीतरी शोधू लागला. आक्का तबक घेऊन दारात थबकली.

"काय सांगू, आप्पा," मी म्हणालो. "पहिल्यापासनं समुद्राची ओढच हुती."

आणि आक्कानं, त्या सगळ्या कार्यक्रमात पहिल्यांदाच, मान खाली घातली.